पंप पाचव्या दिवशी आला

गल्फमध्ये मेलेल्या माणसालाही वीकेंड बघावा लागतो. मैमुनाबींचा चाळिसावा खरं तर बुधवारी पडत होता. पण बुधवारी सुट्टी कोणाला? मुलगा फरदीनचं ऑफिस, नात नौशीनची शाळा, तिकडे दूर रुवैसला जावई ओवेसची शिफ्ट. म्हणून तीन दिवस आधीचा रविवार धरला, आणि दुबईत अल बर्शातल्या फरदीनच्या नवव्या मजल्यावरच्या टू-बेडरूममध्ये सकाळी आठपासून नारळ खवायला घेतले. मैमुनाबींच्या नवऱ्याला, हमदुल्लांना, कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, करा तुमच्या सोयीनं, तिला आता कुठे घाई आहे.

ओवेसची शिफ्ट शेवटी लागलीच. त्याची बायको सुमैय्या, मैमुनाबींची लेक, एकटीच साडेतीन तास गाडी चालवत आली. एका हातात अम्मीचं सांदणं उकडायचं भांडं, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेले सुक्या कोळंबीचे सोडे. वास तरीही लिफ्टमध्ये तिच्या आधी पोचला होता.

"आपा, सोडे नका भाजू," फरदीनची बायको नबिला म्हणाली. "एसीच्या डक्टमधून वास पूर्ण फ्लोअरला जातो. मागच्या वेळी समोरच्या बाईने सिक्युरिटीला फोन केला होता."

"करू दे. अम्मीला आवडायचे."

"फातिह्याच्या ताटात सोडे कोण ठेवतं पण?"

"आम्ही ठेवतो," सुमैय्या म्हणाली आणि तवा चढवला.

नबिलाने पुढचा नारळ ओढला. थोरल्या नणंदेशी चाळिसाव्याच्या दिवशी कोण वाद घालणार? ती महाडची, माहेरी आठ माणसांच्या गलक्यात वाढलेली, आणि गेले सदतीस दिवस या घरात सासऱ्याचा आवाज मोजून चार वेळा ऐकलेला. अब्बा पाहुण्यासारखे राहत होते. फजरला उठून सोफ्यावरच्या चादरीची घडी घालत, खोलीतून बाहेर पडताना एसी बंद करत, ताटात काहीही वाढलं तरी दोन घासांनंतर हात वर करून 'खलास' म्हणत. तिला वाटे, एकदा तरी भात कच्चा आहे म्हणून ओरडावं या माणसाने.

"मऊ फडकं आहे का गं? भांड्यात घालायला," सुमैय्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फ्रिजशेजारचा खण ओढला.

नबिलाने हात पुढे केला, पण उशीर झाला होता. फॉइलच्या रोलखाली ठेवलेला कागद सुमैय्याच्या हातात आला होता. तिने उभ्या उभ्या तो वाचला, मग बसून पुन्हा वाचला, आणि तिसऱ्यांदा मराठीत मोठ्याने म्हणाली, "आम्ही खाली सही करणारे भाडेकरू नमूद करतो की शारजातल्या आमच्या बिल्डिंगमधलं सोळा एप्रिलच्या पावसाचं पाणी अठ्ठेचाळीस तासांत काढण्यात आलं. मॅनेजमेंटच्या मदतीबद्दल आम्ही समाधानी आहोत. पहिलं नाव अब्बांचं." तिने कागद खाली ठेवला. "अठ्ठेचाळीस तास म्हणजे किती दिवस होतात, नबिला?"

"आपा, आज नको."

"मंगळवारी पाऊस. शनिवारी दुपारी पंप. शनिवारीच दुपारी अम्मीने हॉस्पिटलात जीव सोडला. मला गणित येतं."

"मलापण येतं," नबिला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण नारळ खवायचा हात थांबला. "फरदीनचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये रिन्यू व्हायचंय. त्याच्या बॉसने, सुजीत सरांनी सांगितलंय, हे पत्र आण. अब्बांची सही झाली की त्यांच्या बिल्डिंगमधले बाकीचे डोळे मिटून करतात, सगळ्यांना ठाऊक आहे. नाही आणलं आणि नोकरी गेली, तर व्हिसा कोणाचा जातो? माझा, नौशीनचा. आणि अब्बांचा. ते दर शुक्रवारी कबरीवर जाऊन बसतात, आपा. दोन बस बदलून. त्यांना राजापूरला पाठवायचं का, बंद घर उघडून? आणि अम्मी इथे?"

सोडे करपायला लागले होते. तिने गॅस बंद केला, आणि कागद पुन्हा खणात न ठेवता फ्रिजच्या दारावर लावला, कंपनीच्या तक्रार नंबरच्या मॅग्नेटखाली, नौशीनच्या टाइमटेबलवर. निळा गोल मॅग्नेट, त्यावर हसणारा हेल्मेटवाला. ही बिल्डिंगही फरदीनच्याच कंपनीकडे देखभालीला होती. अब्बा-अम्मींची शारजातलीही त्याच कंपनीकडे. तोच मॅग्नेट अम्मीच्या फ्रिजवर नऊ वर्षं रेशनची यादी धरून बसला होता.

*

फरदीन त्या वेळी मेट्रो स्टेशनबाहेर गाडी लावून हेमचंद्रकाकांची वाट बघत होता. शारजाहून बस, मग मेट्रो, असा दोन तासांचा प्रवास करून ते आले. पांढरा शर्ट इस्त्रीचा, हातात आंब्याची पेटी. हेमचंद्र हे अब्बांच्या शारजातल्या बिल्डिंगमधले, तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी, निवृत्त ड्राफ्ट्समन. बायको प्रमिला मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली ती तिथेच रमली, आणि काका इथे कन्सल्टन्सीची फुटकळ कामं करत एकटे राहिले.

"पंचावन्न दिरहमला पेटी," गाडीत बसता बसता ते म्हणाले. "म्हणजे बाराशे चाळीस रुपये. पुण्यात याच्या दुप्पट घेतील. वहिनींना हापूस लागायचा, म्हणून."

"कशाला त्रास घेतलात, काका."

"त्रास कसला." थोडा वेळ ते एसीच्या झरोक्यासमोर हात धरून बसले. मग म्हणाले, "लॉबीला रंग छान दिलाय हो तुमच्या लोकांनी. क्रीम. पंप यायला पाच दिवस लागले, पण रंगवाला नवव्या दिवशी हजर. माझी पेन्सिल गेली तेवढी."

"कसली पेन्सिल?"

"जिन्याच्या भिंतीवर रोज पाण्याची रेघ मारत होतो. तारीख, वेळ. धंद्याची खोड, दुसरं काय. पाणी दोन इंच उतरायला चार दिवस लागले." ते मोकळेपणाने, कुठलाही काटा न ठेवता बोलत होते. "परवा म्युनिसिपालिटीची सर्व्हेवाली बाई आली होती. नवी पावसाळी गटारं घालायचीत म्हणे. पाणी जिथे जास्त दिवस साचलं ती वस्ती आधी. तिला रेघा दाखवायला गेलो तर भिंत कोरी. मग ती म्हणाली, मॅनेजमेंटचा रिपोर्ट येईल, तो धरू."

फरदीनने इंडिकेटर दिला, बंद केला, पुन्हा दिला. तो रिपोर्ट त्याच्याच लॅपटॉपवर होता. फक्त भाडेकरूंचं पत्र जोडायचं राहिलं होतं.

आणि त्या लॅपटॉपवर आणखी एक तक्ता होता. तो कोणाला दाखवायचा नव्हता, नबिलालाही त्याने दाखवलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी सुजीत सरांनी त्याला बसवून करून घेतलेला. एकशे चौदा प्रॉपर्टी, आणि एक रकाना, टेनंट प्रोफाइल. ए म्हणजे वेस्टर्न. बी म्हणजे अरब आणि मिक्स. सी म्हणजे साउथ एशियन, फिलिपिनो, बॅचलर. "सर्व्हिस प्लॅनिंगसाठी फक्त, यार," सुजीत सर पुण्याच्या मराठीत म्हणाले होते, "कोणाला काय अपेक्षा असतात ते कळायला नको?" फरदीनने टाइप केलं होतं. आईबापाच्या बिल्डिंगपुढे सी टाइप करताना त्याचा हात थांबला नव्हता. ही गोष्ट तो गेले सदतीस दिवस स्वतःशी घोळवत होता: हात थांबला कसा नाही.

त्या मंगळवारी संध्याकाळी तक्त्याने आपलं काम केलं. आधी ए. त्यात ज्यांचे कॉल जास्त ते वर. एका व्हिला कंपाउंडचे दोनशे अकरा कॉल होते. बेसमेंटात गाड्या बुडाल्या होत्या, स्विमिंग पूल गढूळ झाला होता. तीन पंप-टँकर तिकडे गेले, फरदीननेच पाठवले. सी मधल्या, आईबापाच्या पिवळ्या बिल्डिंगचे कॉल शून्य होते. साठ फ्लॅट, आणि शून्य. कारण त्या बिल्डिंगचा कॉल त्याच्या खिशातल्या फोनवर आला होता. अब्बांचा.

*

फातिहा हमदुल्लांनीच वाचला. समोर ताट होतं: सांदणं, नारळाचं दूध, हेमचंद्रांच्या पेटीतला एक हापूस, आणि कडेला चिमूटभर भाजलेले सोडे. नबिलाने ते बघून सुमैय्याकडे बघितलं, तेव्हा हमदुल्लाच म्हणाले, "असू दे. तिला आवडायचं तेच ठेवायचं असतं. अल्लाला वास चालतो."

गेल्या महिन्याभरातलं त्यांचं हे सगळ्यात लांब बोलणं होतं. नौशीनला हसू आलं. ती बारा वर्षांची, दादाअब्बांच्या सोफ्याशेजारी पलंगावर झोपणारी, आणि त्यांना रात्री कूस बदलताना ऐकणारी या घरातली एकटीच.

जेवणं झाली. पहिल्या पंगतीला आलेली चार दूरची माणसं दुवा करून, डबे भरून घेऊन गेली. घरात घरचेच उरले, आणि हेमचंद्र. हमदुल्ला पाण्याला म्हणून उठले, फ्रिजपाशी गेले, आणि बाटली न काढताच उभे राहिले.

"माझं नाव इथे कशाला आहे?" ते म्हणाले.

सुमैय्याने मान वर केली नाही. तिने कागद तिथे लावला होता तो अब्बांनी बघावा म्हणूनच, पण आता त्यांनी बघितल्यावर ती उगाच ताटातली शितं टिपायला लागली.

"अब्बा, ते ऑफिसचं आहे," फरदीन उठला. "नंतर बोलू."

"नंतर कधी? मला इंग्रजी वाचता येतं. चाळीस वर्षं ट्रेडिंग कंपनीत स्टोअर सांभाळलं मी." ते परत येऊन बसले, कागद गुडघ्यावर ठेवला. "अठ्ठेचाळीस तास लिहिलंय."

"सही केली नाही तर त्याची नोकरी जाईल," सुमैय्या म्हणाली. "आणि केली तर तुमच्या बिल्डिंगला गटार मिळणार नाही. पुन्हा पाऊस आला की पुन्हा तेच. हो ना, काका?"

हेमचंद्रांनी घसा खाकरला. "मी पाहुणा आहे. मी काय बोलू."

"तुम्ही पाहुणे नाही," हमदुल्ला म्हणाले. "तुम्ही तिच्या पायाकडची बाजू धरली होती."

हे खरं होतं, आणि आतापर्यंत कोणी बोललं नव्हतं. मैमुनाबींना दमा होता. वाफ देणारं मशीन विजेवर चाले, आणि पाण्याने खालची मीटर रूम बुडवली तेव्हा पहिल्या रात्रीच वीज गेली. लिफ्ट बंद. सहावा मजला. बाहेर कमरेएवढं पाणी. बुधवारी हमदुल्लांनी पुठ्ठ्याने वारा घातला. गुरुवारी बिल्डिंगमधले सगळे पंप कोणाकडे किती उरलेत ते मोजून आणून देत होते, दम्याचे पंप, निळे, छोटे. शुक्रवारी सकाळी चौघांनी तिला खुर्चीत बसवून सहा मजले उतरवलं आणि कोणाच्या तरी मुलांच्या हवेच्या होडीत घालून रस्त्यापर्यंत ढकलत नेलं.

"मला एक सांग," हमदुल्ला फरदीनला म्हणाले. "मी तुला मंगळवारी संध्याकाळी फोन केला. बुधवारी दोनदा. गुरुवारी केला. तू म्हणालास, पाठवतो. मग पंप कुठे होता? रागावून विचारत नाही. मला फक्त जागा सांग. कुठे होता?"

फरदीनने नबिलाकडे बघितलं. तिने मान वळवली. खोटं बोलायला इतकी सोयीची वेळ पुन्हा येणार नव्हती: टँकर अडकला होता, रस्ते बंद होते, सगळे मान हलवून गप्प बसले असते.

"व्हिला कंपाउंडमध्ये," तो म्हणाला. "स्विमिंग पूल साफ करत होते."

मग त्याने सगळं सांगितलं. तक्ता, ए, बी, सी, दोनशे अकरा कॉल. सांगताना तो फरशीकडे बघत होता, लहानपणी पेपरात नापास झाल्यावर बघायचा तसाच. "तुमचा कॉल मी लॉगच केला नाही, अब्बा. स्वतःच्या बापाची तक्रार स्वतः नोंदवली तर म्हणतील, घरच्यांना पुढे घुसवतो. एकदा बोलले होते तसं. मला वाटलं, संध्याकाळी एखादा टँकर गुपचूप वळवेन. रोज वाटलं. रोज वरचे कॉल वाढत गेले."

"आणि ते सी कोणी लिहिलं?" सुमैय्याने विचारलं.

"मी."

"अम्मीच्या बिल्डिंगसमोर."

"हो, आपा. मी."

"व्हॉट कॅटेगरी आर वी, डॅडी?" नौशीन म्हणाली. ती कानात इअरफोन घालून बसली होती, पण त्यात काही वाजत नव्हतं. "धिस बिल्डिंग?"

"बी," फरदीन म्हणाला.

नबिला उठली आणि ताटं गोळा करायला लागली. एकावर एक, आवाज करत. सकाळपासून जिने सहीची बाजू घेतली होती ती आता नवऱ्याच्या समोरची वाटी उचलताना म्हणाली, "म्हणजे अल बर्शात राहायला आले म्हणून मी बी. लग्न होऊन पहिली तीन वर्षं तिथेच, अम्मींच्या हाताखाली होते तेव्हा मीपण सी होते. हिच्या वेळी तिथेच दिवस गेले मला." ती थांबली. "नका करू सही, अब्बा. मी सकाळी आपांना वेगळं सांगितलं. ते विसरा."

"मग काय होईल कळतंय का तुला?" आता सुमैय्या उलटली. तिचं तिलाच नवल वाटलं असणार, पण तोंडातून निघून गेलं. "त्याची नोकरी गेली की अब्बा गावी. एकटे. विहिरीचं पाणी काढायला माणूस नाही तिथे. अम्मी गेली तेव्हा रस्ते बंद म्हणून मी रुवैसला बसून राहिले, तोंडही बघितलं नाही तिचं. आता अब्बांनाही फोनवरच बघायचं मी? करा सही, अब्बा. गटार गेलं खड्ड्यात."

"तुम्ही न्या ना रुवैसला," नबिला म्हणाली.

सुमैय्याच्या घरी सासू होती, दीर होता, कंपनीचं क्वार्टर होतं आणि ओवेसचा स्वभाव होता. हे सगळ्यांना माहीत होतं. नबिलालाही माहीत होतं, आणि बोलल्यावर तिला वाईट वाटलं.

हमदुल्ला त्या सगळ्यांकडे बघत होते. त्यांच्यावरून चाललेलं बोलणं त्यांच्या डोक्यावरून चाललं होतं, सोफ्यावरची चादर कुठे ठेवायची ते ठरवावं तसं. सदतीस दिवस त्यांना वाटत होतं की या घरात आपण एकटे आहोत. आता दिसलं की मुलगा, सून, मुलगी, प्रत्येक जण एकेकटाच आहे, एका खोलीत बसलाय इतकंच. त्याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"त्याला एकट्याला नका बोलू," ते म्हणाले. "हेमचंद्रराव, तुम्ही सांगा. तळमजल्यावरचा दौलत मंगळवारी वर आला होता. काय म्हणाला?"

हेमचंद्रांनी हातरुमालाने चष्मा पुसला. "राहू द्या ना, हमदुल्लाभाई."

"मग मी सांगतो. दौलत म्हणाला, चाचा, आम्ही सगळे ऑफिसला फोन लावतो. मी म्हणालो, नको. शंभर फोन गेले की ऑफिस चिडतं. परक्या मुलखात तोंड वर करून राहू नये. माझा मुलगा आहे तिथे, मी घरच्या घरी सांगतो. बिल्डिंगमधली ती नर्स आली, तिलापण तेच. साठ घरांत मी निरोप पाठवला, कोणी फोन करू नका. तीस वर्षं हेच केलं आम्ही. पाणी नाही आलं, लिफ्ट बिघडली, माझ्याकडे या. मला त्यात मान वाटायचा." त्यांनी कागदाची कड बोटाने सरळ केली. "तू एक कॉल लिहिला नाहीस, फरदीन. एकोणसाठ मी अडवले."

"अब्बा."

"ती विचारायची. श्वास पुरत नव्हता तरी विचारायची, सांगितलंत का? मी म्हणायचो, फरदीनला सांगितलंय. तिला बरं वाटायचं. टेकून बसायची जरा. गुरुवारी म्हणाली, कंपनीला पण सांगा की, त्या फ्रिजवर नंबर आहे. मी म्हणालो, कशाला? फरदीनला सांगितलंय." त्यांचे डोळे कोरडे होते आणि आवाज साधा होता. "माझ्या भरवशावर बसून होती ती."

फरदीन रडायला लागला. पंचेचाळिशीचा माणूस, मुलीसमोर. नबिलाने ताटं टेबलावर ठेवली आणि ती त्याच्यामागे जाऊन उभी राहिली, पण खांद्यावर हात ठेवला नाही. तो तिच्याने ठेववेना.

हमदुल्ला उठले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी फ्रिजवरचा मॅग्नेट काढला. टाइमटेबल खाली पडलं, ते वाकून उचललं, मॅग्नेटशिवाय लागेना म्हणून खिशात घातलं. परत येऊन नौशीनसमोर तो निळा गोल धरला.

"हा नंबर लाव बाळा. माझ्या फोनवरून. स्पीकर ठेव."

"अब्बा, तो नंबर..." फरदीनने तोंड पुसलं. "हे नोंदलं गेलं की पत्राला काही अर्थ राहत नाही. पाच दिवस पाणी होतं असं रेकॉर्डवर येतं. रिपोर्ट अडकतो."

"माहीत आहे."

"माझं जूनमध्ये..."

"तेपण माहीत आहे. मी गावी जाईन. तिच्याजवळ शुक्रवारी कोणीतरी जा, एवढं करा." ते थांबले. "आणि कोणी नाही गेलं तरी तिला सवय आहे वाट बघायची."

सुमैय्याने सोफ्यावर राहिलेलं पत्र उचललं आणि टेबलावर उपडं ठेवलं.

नौशीनने नंबर लावला. रेकॉर्ड केलेला आवाज आला, अरबी, मग इंग्रजी. "प्रेस टू," तिने दादाअब्बांचं बोट धरून दाबलं. "नाउ फोर. नाउ वेट." संगीत वाजलं. सहा माणसं त्या बिनकामाच्या संगीताकडे बघत बसली. मग एका मुलीने फोन घेतला. तिने नाव ऐकलं आणि हिंदीकडे वळली.

"बोलिए सर, कंप्लेंट क्या है?"

"पानी."

"अभी पानी भरा है, सर?"

"नहीं. सोलह अप्रैल को भरा था. पांच दिन था."

"सर, वो तो क्लोज हो गया होगा. डेढ़ महीना हो गया."

"क्लोज कैसे होगा? किसी ने लिखा ही नहीं. अभी लिखो."

टाइप करण्याचा आवाज आला. फ्लॅट नंबर, बिल्डिंग, पंप आल्याची तारीख. हमदुल्ला हेमचंद्रांकडे बघून एकेक सांगत होते, आणि हेमचंद्र रेघेचे इंच तोंडपाठ सांगत होते. भिंतीवरून पुसलेले होते, त्यांच्या डोक्यातून नव्हते.

"कोई डैमेज हुआ था, सर? फर्निचर, गाड़ी?"

"मेरी बीवी."

पलीकडे टाइप करणं थांबलं. मग ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "इसका कॉलम नहीं है, सर. मैं रिमार्क में लिख देती हूं. नाम बताइए उनका."

"मैमुनाबी," हमदुल्ला म्हणाले. "लिखो, मैमुनाबी."

तिने नोंदीचा आकडा सांगितला. तो लिहून घ्यायला कोणाला सुचलं नाही. फोन ठेवला, आणि त्याच क्षणी सांदणांच्या ताटाशेजारी पडलेला फरदीनचा फोन वाजला. शारजाच्या तक्रारी त्याच्याकडेच येत. त्याने उचलून बघितलं. पिवळी बिल्डिंग. पहिली तक्रार. सहावा मजला. टेनंट प्रोफाइल, सी. तो रकाना आपोआप भरलेला होता. खाली दोन बटणं होती, स्वीकारा आणि जुनी म्हणून बंद करा. दुसरं दाबलं तर कोणाला कळलंही नसतं. अब्बांना तर नाहीच. ते घरच्या माणसावर विश्वास ठेवणारे.

नबिला त्याच्या मागेच उभी होती. तिने स्क्रीन वाचली. आता मात्र तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

फरदीनने स्वीकारा दाबलं.

"लागली का नोंद?" हमदुल्लांनी विचारलं.

"लागली, अब्बा."

त्यांनी पत्राची घडी घातली, चादरीची घालत तशीच, चारही कोपरे जुळवून, आणि ती फरदीनच्या शर्टाच्या खिशात ठेवली. "सुजीतला परत दे. म्हणावं, म्हाताऱ्याला वाचता येतं." मग ते नौशीनला म्हणाले, "दौलतचा नंबर काढ. त्याला सांगतो, लावा आता सगळ्यांनी."

हेमचंद्रांनी स्वतःचा फोन आधीच हातात घेतला होता आणि चष्मा कपाळावर चढवून मॅग्नेटवरचा नंबर एकेक आकडा करत दाबत होते. सुमैय्या मीटर रूमचा फोटो कोणाकडे असेल ते विचारत होती. घरात एकदम सगळे बोलायला लागले, आणि त्या बोलण्यात हमदुल्ला कोणाच्या लक्षात न येता उठले, आणि जेवणाच्या टेबलाच्या टोकाला, फातिह्याच्या ताटासमोर खुर्ची ओढून बसले. सांदणं सुकली होती. त्यांनी एक उचललं, त्यावर दोन सोडे ठेवले, तिला आवडायचे तसे, आणि खायच्या आधी ताटाकडे बघून, रोज सांगावं तितक्या साध्या आवाजात सांगितलं,

"कंपनीला सांगितलंय, मैमुना."